कल्याण पासिंगची मैना

डोंबिवली (पूर्व),
११ डिसेंबर १९९४

चि. नंदा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पारसिक मोटर्सचं, नव्या गाडीच्या बावीस जानेवारीच्या कार्यक्रमाचं निमंत्रण पोचलं. कागद जाड आहे, त्याला अत्तर लावलेलं आहे, आणि खाली बारीक अक्षरात 'झाडे वाचवा' असं छापलेलं आहे. एवढ्या जाड कागदावर ते छापायला निदान एक फांदी तरी लागली असेल.

समोरासमोर बसलो की मी ओरडतो, तू रडतेस, आणि तुळसामामी दोघांची ताटं वाढून आत निघून जाते. म्हणून लिहितो आहे. कागदावर निदान माझा आवाज चढत नाही.

काल शीळ रस्त्याच्या नाक्यावर तुमचा फलक पाहिला. 'मैना : श्वास घेणारी मोटार.' मोटारीच्या सायलेन्सरशेजारी एक गोंडस मुलगी बसवली आहे आणि ती झेंडूचा वास घेते आहे. ज्याने हे चित्र काढलं त्याने स्वतःच्या मुलीला सायलेन्सरशेजारी खचितच बसवलं नसणार. आणि मोटार श्वास घ्यायला लागली तर आम्ही काय करायचं? आमच्या इथे आधीच श्वासाची टंचाई आहे. पहाटे एमआयडीसीतून कुजक्या कोबीसारखा वास येतो, तो ओसरेपर्यंत खाली रिक्षा सुरू होतात. तुझ्या मामीने रस्त्याकडची खिडकी उघडणं केव्हाच सोडलं आहे. दमेकरी बाईच्या घरी तुम्ही श्वास घेणाऱ्या मोटारीचं आमंत्रण पाठवता. धन्य आहे.

मी आयुष्यभर पॉलिटेक्निकमध्ये ऑटोमोबाइल शिकवलं. आपल्याकडचे मोटार करणारे लोक मला ठाऊक आहेत. नवं मॉडेल म्हणजे जुन्याच मॉडेलचे गोल दिवे काढून चौकोनी लावायचे. आता चौकोनी दिव्यांनी भागेना, म्हणून हवेची काळजी सुरू झाली. मी तुला इंजिन उघडायला शिकवलं ते या लोकांच्या जाहिरातीत पदर सावरून उभं राहण्यासाठी नव्हे.

मी येणार नाही. मामीला यायचं होतं, तू मंचावर असशील म्हणून. तिला सांगितलं, मंचावर नंदा नसेल, कंपनीची बाहुली असेल.

तुझा मामा,
त्र्यंबक

घोडबंदर रोड, ठाणे
१८ डिसेंबर १९९४

ती. मामांस,
सा. न.

निमंत्रण मी पाठवलेलं नाही. ऑफिसने 'घरच्यांचे पत्ते द्या' म्हणून विचारलेलं, मी दिला. तेवढंच माझं चुकलं.

तुम्ही मोटार करणाऱ्यांना ओळखता म्हणे. मामा, तुम्ही वर्कशॉपमध्ये एकाच जीपचं इंजिन मधोमध कापून ठेवलेलं, अर्धं लाल, अर्धं पिवळं. मीही त्याच्यावरच शिकले. ते इंजिन कधी सुरूच झालं नाही, त्यामुळे त्याने कधी धूरही सोडला नाही. इतकी स्वच्छ गाडी आमच्या कंपनीत खरंच नाही, मान्य. खडू हातात धरून सगळ्या जगाला नापास करणं सोपं असतं. बनवून बघा कधी काही.

मी दिवसभर काय करते ते तुम्ही एकदाही विचारलं नाही, म्हणून न विचारता सांगते. येत्या एप्रिलपासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लागणार. एक्झॉस्टच्या वाटेवर एक डबा, आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक नळ्यांची वीण, त्यावर प्लॅटिनमचा हात फिरवलेला. विषारी वायू एका बाजूने आत जातो, दुसऱ्या बाजूने बराचसा निरुपद्रवी होऊन बाहेर येतो. डबा परदेशातून आलाय, पण तो आपल्या गाडीला, आपल्या रस्त्यांना, आपल्या उकाड्याला जुळवून घेण्याचं काम माझ्या सेक्शनचं. त्याशिवाय दारांचा पत्रा पातळ करून वजन उतरवलं, कारण जड गाडी जास्त पेट्रोल पिते आणि जास्त ओकते. रंगाच्या शॉपमधलं पाणी गाळून परत वापरतो, पूर्वी ते तसंच खाडीत जायचं. बाळकुमचे कोळी त्यांच्या म्होरक्या दगडाबाईंना पुढे घालून गेटवर आलेले, तेव्हा कुठे साहेब लोकांना समजलं की खाडीत मासेही असतात.

डबा लावलेल्या मैनेच्या मागे मी उभी राहते तेव्हा डोळे चुरचुरत नाहीत. तुमच्या कुठल्या लेक्चरने हे झालंय?

तुम्ही नका येऊ. मामीला पाठवा. तिच्यासाठी पुढची खुर्ची ठेवते.

नंदा

डोंबिवली (पूर्व),
२ जानेवारी १९९५

चि. नंदा हिस,
आशीर्वाद.

लाल-पिवळ्या इंजिनाचा उल्लेख वाचला. वर्मी लागला, हे कबूल. पण मग म्हटलं, आपण खडूवाले आहोत तर निदान विद्यार्थ्यासारखं जाऊन पाहून यावं. म्हणून काल कल्याणला तुमच्या विक्रेत्याकडे गेलो. नवीन कोट घालून गेलो, नाहीतर दारातच विचारतात, 'काका, कुणाकडे जायचंय?'

टाय लावलेला एक पोरगा आला. मी म्हटलं, "मैना घ्यायची आहे. ती श्वास घेणारी."

"उत्तम चॉइस, सर."

"तो पोळ्यासारखा डबा कुठे असतो, दाखवा."

तो खाली वाकलाही नाही. म्हणाला, "सर, डबावाली मुंबई पासिंगला. तुमचं कल्याण पासिंग ना? मग तुम्हाला साधी. स्वस्त पडते, मायलेज पण बेस्ट."

"म्हणजे डोंबिवलीत श्वास घ्यायचा नाही?"

तो हसला. बरा मुलगा होता, त्याला वाटलं काका विनोद करतायत. म्हणाला, "सर, हवा तर फुकट आहे!"

नंदा, तुझ्या पत्रात प्लॅटिनम होतं, पातळ पत्रा होता, बाळकुमच्या दगडाबाई होत्या. एवढी एक गोष्ट लिहायची राहून गेली होय? तुझ्या कंपनीच्या हिशेबी मुंबई मुलुंडच्या चेकनाक्यावर संपते, तशी हवाही तिथेच संपते काय? नाक्यावर जकात घेतात हे माहीत होतं, फुप्फुसं तपासतात हे माहीत नव्हतं. तिकडच्या माणसाला डबा, इकडच्याला धूर. गाडी तीच, नाव तेच, जाहिरातीतली मुलगी तीच. फलक मात्र तुम्ही शीळ रस्त्यावर लावता, जिथे ती डबावाली गाडी कुणाला मिळणारच नाही.

विसरलीस की लपवलंस, एवढंच कळव. दोन्हींपैकी कशाला अधिक नावं ठेवायची ते ठरवायचं आहे.

त्र्यंबक

ता. क. नंदा, हे पाकीट चिकटवायच्या आधी मी दोन ओळी घालतेय. तिळाच्या वड्या केल्यात, कुणी येणारं असलं की पाठवते. स्वेटर घाल. खाडीचं वारं वाईट. — मामी

घोडबंदर रोड, ठाणे
९ जानेवारी १९९५

ती. मामांस,

लपवलं. आता ठेवा नावं.

पण नावं ठेवण्याआधी तुम्हालाही ठाऊक असलेलं एक लिहिते. पेट्रोलमध्ये शिसं असलं तर तो डबा थोड्याच दिवसांत मरतो. पोळं बुजतं, गाडी धापा टाकते, मग गॅरेजवाला सळई घालून आतलं सगळं फोडून काढतो आणि रिकामा डबा परत लावून देतो. बिनशिशाचं पेट्रोल फक्त महानगरांत, तेही ठरावीक पंपांवर मिळणार. डोंबिवलीत तो पंप कुठाय? डबा लावून दिला असता तर तुम्हीच लिहिलं असतं, की कंपनीने मेलेला डबा गळ्यात बांधला. कायदा मी केलेला नाही. पेट्रोल मी गाळत नाही.

हे सगळं खरं आहे आणि तरी मला लाज वाटतेय, त्याचं कारण वेगळंय.

मी डब्याशिवायच्या गाडीसाठीही काम केलेलं. बिनशिशाचं पेट्रोल नसलं तरी चालेल असं. टाकीत आणि कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची जी वाफ उन्हात उडून जाते, ती कोळशाच्या एका छोट्या डब्यात धरून ठेवायची आणि गाडी सुरू झाली की इंजिनातच जाळायची. चोक हाताने ओढायचा ठेवला की लोक तो तसाच ओढलेला विसरतात आणि नाक्यापर्यंत भकाभका करत जातात, म्हणून तो इंजिन तापल्यावर आपोआप बंद होणारा. मिश्रणाचा स्क्रू सीलबंद, म्हणजे गॅरेजवाला पिकअपसाठी पिळणार नाही. उतारावर पाय काढला की पेट्रोल बंद. यात आभाळातून आणावं असं काहीही नाही. आमच्या टेस्ट बेंचवर विष निम्म्याच्या आसपास आलेलं. मी रोज त्या गाडीला मनातल्या मनात 'डोंबिवलीची मैना' म्हणायचे.

मीटिंगमध्ये प्रधान साहेबांनी ते सगळं काढून टाकलं. प्रधान म्हणजे आमचे इंजिनीअरिंगचे मोठे साहेब, नौपाड्यातले, बोलायला फार गोड. म्हणाले, "नंदाताई, काम फर्स्ट क्लास. पण डोंबिवलीवाला शोरूममध्ये येऊन मायलेज विचारतो आणि सीट कव्हर फुकट मागतो. धूर कोण विचारतो? जे कायदा मागत नाही आणि गिऱ्हाईक मागत नाही, ते आपण का द्यायचं?" सगळे हसले.

मी पण हसले, मामा. डोंबिवलीत वाढलेली मी, हसले.

आता कृपा करून बावीस तारखेच्या कार्यक्रमाला येऊ नका. मी तुम्हाला ओळखते. तिथे माझं काम आहे.

नंदा

डोंबिवली (पूर्व),
२४ जानेवारी १९९५

चि. नंदा,

तू नको म्हणालीस, मी आलो. आणि पोरी, काय शोभा झाली! मी अजून परवाच्या आनंदात आहे.

तू मंडपाच्या मागे होतीस, तुला सगळं दिसलं नसेल म्हणून लिहितो. तुमचे ते प्रधान पांढरा स्वच्छ रुमाल घेऊन सायलेन्सरशी उकिडवे बसले. गाडी सुरू. रुमाल पुढे. मग रुमाल उंच धरून सगळ्यांना दाखवला, जादूगार कबुतर दाखवतो तसा. पांढरा! टाळ्या! पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांनी तर रुमाल हुंगून पाहिला. इतकी मोठी माणसं सायलेन्सरचा रुमाल हुंगताना पाहायला मिळणं हे माझं भाग्य.

मी उभा राहिलो. म्हटलं, "प्रधानसाहेब, कार्बन मोनॉक्साइड कुठल्या रंगाचा असतो?"

ते म्हणाले, "प्रश्नोत्तरं नंतर, काका."

म्हटलं, "त्याला रंग नसतो, वास नसतो. म्हणून माणूस बंद गॅरेजमध्ये झोपतो आणि उठत नाही. रुमाल पांढरा राहिला यात काय सिद्ध झालं? इंजिन आधीच तापवून ठेवलंय, एवढंच. आता ती पलीकडची गाडी लावा. कल्याण पासिंगची. आणि रुमाल नको, वायू मोजायचं यंत्र लावा."

लोक उभे राहिले. प्रधान म्हणाले, "मशीन आज बंद आहे." आणि तेव्हा मंडपाच्या मागून तू आलीस. हातात त्या यंत्राची नळी. थंड गाडी चोक ओढून सुरू केलीस, नळी आत सारलीस, आणि यंत्राचा काटा असा धावला की मागच्या बाकावरून दिसला. मग तीच नळी डबावाल्या गाडीला. काटा बसला तो उठेना. त्या क्षणी मला वाटलं, माझं आयुष्य फुकट गेलं नाही.

मामी मध्येच परत गेली. तिला गर्दीचा कंटाळा आला असावा. मी मात्र पत्रकारांशी बोलत बराच वेळ थांबलो. स्थानिक पेपरात आतल्या पानावर आलं आहे, माझं नाव चुकवलं आहे, पण 'ज्येष्ठ तज्ज्ञ' म्हटलं आहे.

शाबास. शेवटी खडूवाल्याचीच भाची.

तुझा मामा

भिवंडी,
१९ फेब्रुवारी १९९५

मामा,

पत्ता वाचलात? आता मी इथे आहे. कंपनीचं सुट्या भागांचं गोडाऊन. बम्पर, काचा, हॉर्नचे खोके. मी इंजिनीअर आहे म्हणून मला टेबल दिलंय. टेबलाला खण नाही.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं तुम्ही माझ्याबद्दल लिहिलंय. दुसऱ्यांदा नीट वाचल्यावर कळलं, तुम्ही तुमच्याबद्दलच लिहिलंय. टाळ्या कुणाला पडल्या, पेपरात नाव कुणाचं आलं, आयुष्य कुणाचं फुकट गेलं नाही.

मी नळी का लावली माहितेय? तुम्ही सांगितलं म्हणून नाही. प्रधान खोटं बोलले म्हणून. मशीन बंद नव्हतं, मी सकाळीच लावून ठेवलेलं. डबावाल्या गाडीला लावायचं आणि लोकांना खरं, मोजलेलं काहीतरी दाखवायचं असं मला वाटत होतं, रुमालाचा खेळ मला पहिल्यापासून नको होता. त्याच मशीनला ते माझ्या तोंडावर बंद म्हणाले. तेव्हा राहवलं नाही.

पण तुम्ही नसता आलात तर मी ते सोमवारी प्रधानांच्या केबिनमध्ये केलं असतं. भांडले असते, रडलेही असते कदाचित, पण लॅब माझी राहिली असती. कोळशाचा डबा पुन्हा पुढे सरकवता आला असता. आता माझी डोंबिवलीची मैना एका कोपऱ्यात कापड टाकून उभी आहे आणि लॅबची चावी अशा माणसाकडे आहे ज्याला चोक आणि हॉर्न यातला फरक सांगावा लागतो.

तुम्हाला गाडी सुधारायची नव्हती. तुम्हाला बरोबर ठरायचं होतं. प्रधानांना गाडी विकायची होती. दोघांच्या मध्ये गाडी कुणाचीच नव्हती.

आणि मामी मला न भेटता निघून गेली. पुढच्या खुर्चीवर तिची पिशवी तशीच राहिलेली. तिलाही माझी लाज वाटली असेल, साहेबांसमोर तमाशा केला म्हणून. पिशवी माझ्याकडे आहे.

इतक्यात डोंबिवलीला येणार नाही. पत्र लिहू नका.

नंदा

डोंबिवली (पूर्व),
१७ सप्टेंबर १९९५

चि. नंदा हिस,
आशीर्वाद.

लिहू नका म्हणालीस, इतके महिने लिहिलं नाही. माझ्या स्वभावाला हे किती कठीण गेलं असेल ते तुला कळेल.

दिवाळीला तरी येशील असं मामीला वाटतं. मी तिला म्हटलं, नंदा स्वाभिमानी आहे. ती म्हणाली, 'स्वाभिमान तुमच्याकडूनच आणलाय, बाजारात मिळत नाही.' तिचं नेहमीचंच चालू आहे. पावसाळ्यात थोडं वाढलं होतं, आता ठीक.

तुझं ते वाक्य, 'तुम्हाला बरोबर ठरायचं होतं', मी पुष्कळ दिवस तोंडात घोळवलं. त्याला उत्तर तयार केलं, मग खोडलं. तेव्हा तो विषय सोडतो.

लिहायचं कारण वेगळं. पुढच्या एप्रिलपासून साऱ्या देशात धुराचे नियम कडक होणार असं वाचलं. म्हणजे तुझ्या प्रधानांना आता तोच कोळशाचा डबा आणि तोच सीलबंद स्क्रू शोधावा लागणार. जे देण्याची गरज नव्हती ते कायद्याने मागितल्याबरोबर त्यांच्या अंतःकरणात हवेविषयी प्रेम उत्पन्न होईल. मोटार करणाऱ्यांची ही जात मला पाठ आहे. मुळात त्यांच्या हाती सगळं असतं. वजन, चोक, चाकं, वाफ, साधा स्क्रू. काही शोधायचं नसतं, फक्त कपाट उघडायचं असतं. पण कुणी दंडुका घेऊन उभं राहिल्याशिवाय ते कपाट उघडत नाहीत, आणि उघडलं की आपणच दानशूर म्हणून फलक लावतात.

ते तुला बोलावतील. जाऊ नकोस. त्यांच्या तोंडावर राजीनामा फेक. त्यांना कळू दे.

तुझा मामा

भिवंडी,
१२ नोव्हेंबर १९९५

ती. मामांस,
सा. न.

तुमचा अंदाज बरोबर ठरला. बरोबर ठरण्यात तुमचा हात कोण धरणार?

प्रधान गोडाऊनला आले. स्वतः, गाडी घेऊन. बम्परच्या ढिगाशेजारी उभे राहून म्हणाले, "नंदाताई, झालं गेलं विसरून जाऊ. कंपनी पर्यावरणाबाबत आता फार सीरियस आहे."

मी म्हटलं, "कधीपासून, सर?"

म्हणाले, "पहिल्यापासूनच." आणि हसलेसुद्धा नाहीत. मामा, इतक्या सफाईने खोटं बोलणारा माणूस मी पाहिला नाही. तुम्ही त्यांचा जो तिरस्कार करता तो कमीच पडतो, तुम्ही त्यांना एकदाच पाहिलंय.

मग म्हणाले, ते कोळशाच्या डब्याचं आणि चोकचं काम परत सुरू करायचंय, वेळ कमी आहे. मोठ्या साहेबांपुढे ते प्रेझेंट करणार आहेत. 'ते' म्हणजे प्रधान. त्यावर माझं नाव असणार नाही, हे त्यांनी फार नाजूकपणे सांगितलं. "टीम वर्क आहे ना."

मी हो म्हटलं.

तुम्ही आता कपाळाला हात लावाल. लावा. राजीनामा फेकला असता तर तुमची छाती फुगली असती, माझीही आठवडाभर फुगली असती. पण गाडी गेटच्या बाहेर पडायचीच, माझ्यासकट किंवा माझ्याशिवाय. माझ्याशिवाय पडली तर कायद्यात बसेल एवढीच सुधारेल, त्यापुढे एक पाऊल नाही. त्या स्क्रूवर सील नीट बसवायचं की नावाला लाख टाकायची, हे त्या दिवशी लॅबमध्ये कोण उभं आहे त्यावर ठरतं. तिथे मी उभी असणार. प्रधानांबद्दल मला जे वाटतं ते मी रोज गेटवर उतरवून आत जाईन आणि संध्याकाळी परत उचलीन. ते कुठे जात नाही.

एकच अट घातली मी. कल्याण पासिंगच्या गाडीची चाचणी कल्याणलाच करायची. घोडबंदरच्या मोकळ्या रस्त्यावर नाही. शीळ नाका, डोंबिवली स्टेशनचा रस्ता, पत्रीपूल. थांबत, सरकत, थंड इंजिनाने, भर उन्हात. प्रधानांना वाटलं ही काय वेडी अट. मान्य केली.

मामी हल्ली तुमच्या पत्राखाली दोन ओळी लिहीत नाही. अजून रागावलीय का माझ्यावर? तिला सांगा, पिशवी सांभाळून ठेवलीय.

नंदा

डोंबिवली (पूर्व),
३ मार्च १९९६

चि. नंदा,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मी लिहितेय, मामांनी नाही. त्यांना माहीतही नाही. खाली शांताबाईंकडे बसून लिहितेय, त्यांची सून टपालात टाकेल.

मी तुझ्यावर रागावले नव्हते. लाजही वाटली नव्हती. त्या दिवशी मंडपात काय झालं ते तुम्ही दोघांनी एकमेकांना पानं पानं भरून लिहिलंत, मी सगळी वाचली. माझ्याबद्दल दोघांनी एकेक ओळ लिहिलीत आणि दोन्ही चुकीच्या. आता माझी बाजू ऐक.

तुझी नळी त्या गाडीत होती तेव्हा मामांनी मला हात धरून पुढे ओढलं. सगळ्यांना म्हणाले, "ही पाहा, हिला विचारा, हवा फुकट आहे का!" मला त्या सायलेन्सरपाशी उभं केलं. ते बोलत राहिले. तू काट्याकडे बघत होतीस. बाकीचे लोकही काट्याकडेच बघत होते. मला श्वास येईना. मी मामांचा कोट ओढला, त्यांना वाटलं मी थांबवतेय, त्यांनी हात झटकला.

मला बाजूला नेलं ते तुमच्या प्रधानांनी. खुर्ची दिली, पाणी दिलं. स्वतःच्या गाडीतून डॉक्टरकडे घेऊन गेले, माझं इंजेक्शन होईपर्यंत बाहेर थांबले, मग डोंबिवलीला घरी सोडलं. वाटेत एवढंच म्हणाले, "माझ्या आईलाही होतं हे." दुसऱ्या दिवशी त्यांनीच तुला भिवंडीला टाकलं. माणूस खोटारडा आहे, त्यात मला काही शंका नाही. पण मला श्वास येत नाही हे त्या मंडपात त्याला एकट्याला दिसलं.

ऑगस्टमध्ये मी दवाखान्यात होते. मामांनी तुला 'थोडं वाढलं होतं' असं लिहिलं. मी म्हटलं, तिला कळवा. म्हणाले, 'आपण बोलत नाही ना सध्या.' माझ्या छातीवरून तुम्ही दोघं इतके भांडलात, पण तुळसा, आज कशी आहेस, हे विचारायला कुणाला फुरसत झाली नाही. हवेचं भलं करायला निघालेली माणसं अशीच असतात की काय, मला ठाऊक नाही. मला तुम्ही दोघंच माहीत.

परवा शांताबाईंच्या जावयाने नवी मैना घेतली. कल्याण पासिंगची. सकाळी खाली सुरू केली. मी खिडकीशी उभी होते. बॉनेट उघडून तो कोणाला तरी दाखवत होता, 'हा कोळशाचा डबा, नवीन आलाय.' मला ते तुझं आहे हे ठाऊक होतं. मामांनाही कळलं. ते खाली गेले, कोट न घालता, आणि गाडीभोवती फिरून, वाकून, सगळं बघून आले. मी विचारलं, कशी आहे? म्हणाले, "बरी आहे." नंदा, त्यांच्या तोंडून 'बरी' हा शब्द मी लग्नानंतर किती वेळा ऐकलाय ते मलाच माहीत. तू चांगलं काम केलंस. नाव नसलं तरी केलंस. ते सोडू नकोस.

पण एक गाडी बरी झाली म्हणून माझी छाती बरी होत नाही. बाकीच्या सगळ्या गाड्या, रिक्षा आणि कारखाने आहेत तिथेच आहेत. डॉक्टर म्हणाले, इथून हला. मी ठरवलंय. चौलला माझ्या भावाच्या वाडीत एक खोली रिकामी आहे. मी जातेय. मामांना सांगितलं, तुम्ही आलात तर बरं, नाही आलात तर मी एकटी जाईन. तिसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरची पेटी काढली.

रविवारी ये. तेव्हा भांडू नका. मामा पुस्तकं बांधतायत आणि दोरीला गाठ मारता येत नाहीये, पण सांगत नाहीत. तू बांध.

तुझी,
मामी